निवाकाचं लोणचं घालू नका

तांदळाला जपानीत ‘कोमे’ म्हणतात आणि माफ कर म्हणायला ‘गोमेन’. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा म्हणजे पुढचं कळेल.

२०२५ चा एप्रिल, रात्रीचे साडेआठ वगैरे झालेले, गिफू प्रांतातलं मिनो नावाचं छोटं गाव, दोन्ही बाजूंना कागदाच्या व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं आणि अरुंद रस्त्याच्या मधोमध डोक्याला फडकं बांधलेला एक दणकट बाप्या बायकोचं सोंग घेऊन कमरेवर हात ठेवून उभा. समोर नवरा, दुकानातून रिकाम्या हाताने आलेला. बायको विचारतेय पिशवी कुठंय, आणि तो दुकानाला लाइन होती, सायकल पंक्चर झाली, वाटेत अमका भेटला असं काय वाट्टेल ते सांगतोय, कारण तेव्हा पाच किलो तांदूळ चार हजार येनच्या वर गेले होते, वर्षभरात जवळजवळ दुप्पट, आणि जपानमध्ये घराघरात हाच विषय चालू होता. दहाएक मिनिटं दोघांची जुंपते, मधे शेजारी येऊन तेल ओततो, आणि शेवटी नवरा मान खाली घालून पुटपुटतो, “कोमे ने.” म्हणजे तांदूळ नाहीये. पण त्या रांगड्या बोलीत ते ‘गोमेन ने’सारखं ऐकू येतं, म्हणजे सॉरी हं. झालं, नाटक खल्लास. बासरी-ढोल सुरू, कंदिलांची गाडी पुढच्या चौकाकडे आणि ‘बायको’ लुगडं सावरावं तसा किमोनो धरून गाडीमागे पळतेय.

मला कोटी कळेपर्यंत लोक हसून मोकळे झाले होते. शेजारी उभ्या आजींनी माझ्याकडे बघून ‘पोचलं का?’ अशी मान हलवली, मी उशिराने हसलो, त्यावर त्या परत हसल्या.

या प्रकाराला निवाका म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘अचानक’. वळवाच्या पावसालाही जपानीत ‘निवाका आमे’ म्हणतात, तोच हा निवाका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओसाकात, सुमियोशीच्या जत्रेच्या दिवसांत, हौशी लोक रस्त्यात “निवाका ज्या!”, म्हणजे हे बघा अचानक आलं, असं ओरडत सोंगं काढायला लागले असं मानतात. तिथून ते देशभर पसरलं. तोक्योच्या, म्हणजे तेव्हाच्या एदोच्या, योशिवारा या गणिकांच्या वस्तीत तर शरदातल्या निवाकाच्या मिरवणुका एवढ्या गाजायच्या की उतामारोसारख्या चित्रकाराने त्यावर चित्रमालिका केल्या. नियम म्हणाल तर फार नाहीत. विषय ताजा पाहिजे, बोली गावची पाहिजे, नट गावचेच पाहिजेत (दिवसा ते प्लंबर, बँकेतले क्लार्क, कागद कारखान्यातले कामगार वगैरे) आणि शेवट कोटीने झाला पाहिजे. या शेवटच्या कोटीला ‘ओची’ म्हणतात, म्हणजे पडणं. कोटी जमली की नाटक धपकन पडतं आणि तिथेच संपतं.

आता ही चीज मोजक्याच ठिकाणी उरलीय. मिनोत आहे, क्यूशू बेटावर आसो ज्वालामुखीच्या पायथ्याशी ताकामोरीत आहे, शिकोकूवर मुरोतोजवळच्या साकिहामात आहे, ओसाकाच्या दक्षिणेला मिनामी-कावाची भागात रथांवर आहे आणि फुकुओकात हाकाता निवाका आहे. अजून कुठेकुठे तुकडे असतील. आणि जिथे आहे तिथे सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय, हे टिकवायचं कसं.

माझं म्हणणं सरळ आहे आणि थोडं उर्मट वाटेल. टिकवण्याची जी सरकारी रीत आहे ती निवाकाला लागू पडत नाही. लोणचं घातलं की कैरी टिकते हे खरं, पण निवाका कैरी नाहीये.

जपानचा वारसा जपायचा कायदा १९५० चा, आणि तो खरंच चांगला कायदा आहे, जगातल्या कितीतरी देशांच्या आधी त्यांनी कला, कसब, लोकपरंपरा असल्या हाताला न लागणाऱ्या गोष्टी कायद्यात आणल्या. १९७५ मध्ये लोकपरंपरांसाठी वेगळी तरतूद झाली. त्यात वरच्या पायरीवर ‘महत्त्वाचा’ दर्जा मिळालेल्या गोष्टी, जशी क्योतोच्या मिबू देवळातली मूक नाटकं, मिबू क्योगेन. आणि त्याखाली एक यादी आहे जिचं नावच मुळी ‘नोंद करून ठेवणं वगैरे उपाय करावेत अशा परंपरा’ असं लांबलचक आहे. मिनो आणि ताकामोरीचे निवाका या यादीत. म्हणजे बघा हं, ज्या नाटकाचं नाव ‘अचानक’, जे पुढच्या वर्षी परत करायचंच नसतं, त्याच्यासाठी सरकारने शोधलेला उपाय म्हणजे नोंद. वळीव आला, बरणी आणा!

मी नोंदीच्या विरोधात नाही, त्यावर येतोच. पण नोंद केल्याने काय होतं याचं उदाहरण जपानच्याच घरात आहे. क्योगेन, म्हणजे ‘नो’ नावाच्या जुन्या गंभीर नाटकांच्या मधे होणारी विनोदी नाटकं, आज एकदम भारदस्त गोष्ट आहे, घराणी आहेत, ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ वगैरे मान आहेत, आणि नो-क्योगेन मिळून २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पण मुळात क्योगेनसुद्धा बऱ्यापैकी आयत्या वेळचं होतं. १५७८ ची जी सगळ्यात जुनी वही सापडते, तिच्यात फक्त गोष्टींचे सांगाडे आहेत, अमका येतो, तमक्याला फसवतो, पळतो. बाकी नटाच्या जिभेवर. पुढे शोगुनच्या दरबाराने आश्रय दिला, आणि १६४२ मध्ये ओकुरा तोराआकीने संवाद लिहून काढले. त्यामुळे क्योगेन वाचलं, यात वादच नाही. पण त्यातला मालकाला गंडवणारा तारो काजा हा नोकर चारशे वर्षं त्याच मालकाला त्याच शब्दांत गंडवतोय. लोक हसतात, मीही हसलोय, पण तिथे बसलेल्या कुठल्याच मालकाला घाम फुटत नाही.

निवाकात कोणाला तरी थोडा घाम फुटायलाच पाहिजे. महापौर, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, नाहीतर ज्याने मोठ्या जोशात कॅफे उघडला आणि आठ महिन्यांत बंद केला तो कोपऱ्यावरचा माणूस, कोणीतरी प्रेक्षकांत उभं असतं आणि आपल्यावर येणारे हे त्याला माहीत असतं. आणि ज्या समाजात कोणी तोंडावर स्पष्ट बोलत नाही, मीटिंगमध्ये ‘विचार करू’ म्हटलं की ‘नाही’ समजायचं, तिथे वर्षातून एक रात्र अशी राखून ठेवलेली असणं ही फार मोठी सोय आहे. वारसा असलाच तर हा आहे, ती राखून ठेवलेली रात्र. मुखवटे, कंदील, बासरीची चाल हे सगळं छान आहे, पण ती सजावट झाली.

मी नागपूरचा, महाल भागातला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते ती लहानपणापासून बघितलेली. काळी आणि पिवळी मारबत परंपरेच्या, दरवर्षी त्याच, पण त्यांच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, दरवर्षी नवे. महागाईचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, ज्या कोणा पुढाऱ्याने त्या वर्षी वात आणला त्याचा बडगा. “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” ओरडत नेतात आणि जाळून टाकतात. गेल्या वर्षीचा बडगा जपून ठेवा, त्याचं म्युझियम करा, असं नागपुरात कोणी म्हटलं तर लोक त्याच्याकडे कसे बघतील ते मला डोळ्यासमोर दिसतं. बडगा बनवता येणारी पोरं मोहल्ल्यात आहेत ना, आणि मिरवणुकीला रस्ता मिळतोय ना, हे दोन असलं की पुरे. मिनोच्या रस्त्यात उभा असताना मला हेच आठवलं आणि म्हणूनच हा लेख.

आता दुसरी बाजू. ‘नोंद नको म्हणणं सोपं आहे, एक पिढी तुटली की शून्य,’ असं म्हणणारे लोक आहेत आणि ते चुकीचं बोलत नाहीत. क्यूशूवरच्या सागा निवाकाचं बघा. तो एका बाईच्या नावाशीच जोडला गेला होता, रशियन वडील आणि जपानी आईची ती मुलगी, तिने आयुष्यभर स्वतःची मंडळी घेऊन गावोगावी प्रयोग केले, २०१३ मध्ये ती वारली. त्याच बेटावरच्या कुमामोतोत बात्तेन आराकावा हा निवाकाचा नट म्हाताऱ्या आजीच्या वेषात टीव्हीवर इतका लाडका झाला की तिथे निवाका म्हणजे तो असं समीकरण झालं (‘बात्तेन’ म्हणजे क्यूशूच्या बोलीत ‘पण’, नावातच पणपण), तोही २००६ मध्ये गेला. एका माणसावर उभं असलेलं घर माणसाबरोबर खचतं. अशा वेळी रेकॉर्डिंग असेल तर निदान आवाज उरतो, बोलीचा हेल उरतो. मान्य.

पण मग काय रेकॉर्ड करायचं ते तरी नीट ठरवा. सध्या कॅमेरा लागतो प्रयोगाला. माझ्या मते प्रयोग ही सगळ्यात कमी कामाची गोष्ट आहे. तो बघून कोणी निवाका शिकणार नाही, जसं लग्नाचा व्हिडिओ बघून कोणी संसार शिकत नाही. कॅमेरा लावायचाच तर त्याआधीच्या महिन्यात लावा, जेव्हा आठ-दहा जण कामावरून आल्यावर समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये बसतात, बिअरचे कॅन फुटतात, विषयावरून भांडणं होतात, शेवटची कोटी आधी शोधायची की गोष्ट आधी यावर रात्र जाते, आणि एखादा म्हातारा कोपऱ्यातून नुसतं ‘अंहं’ म्हणून तीन दिवसांची मेहनत उडवून लावतो. त्या ‘अंहं’ची नोंद करा. ते का म्हटलं ते त्याला विचारून लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ते लागणार आहे.

आणि प्रयोगाच्या रात्री मोबाइल जरा खिशात ठेवा ही दुसरी विनंती. हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय कारण पहिले दोन प्रयोग मीही शूट केले. पण विचार करा, दोनशे माणसांसमोर, जी सगळी एकमेकांना ओळखतात, त्यांच्यासमोर महापौराची टिंगल करणं आणि तीच टिंगल उद्या सकाळी अनोळखी पन्नास हजार लोकांच्या फोनवर जाणं यात फरक आहे की नाही? गावात टिंगल झाली की दुसऱ्या दिवशी तोच नट त्याच महापौराला रस्त्यात वाकून नमस्कार करतो आणि विषय संपतो. ऑनलाइन तो संपत नाही. मग पोरं पुढच्या वर्षी सेफ विषय घेणार, वजन कमी करणं, सासू-सून, एआय वगैरे, आणि मग हळूहळू ते टीव्हीवरच्या पाणचट कॉमेडीसारखं होणार, जी टीव्हीवर जास्त चांगली करतात. एक-दोन अधिकृत प्रयोग शूटिंगला मोकळे ठेवा आणि बाकीचे बंद, असं करायला काय हरकत आहे?

टीव्हीवरून आठवलं. निवाका ‘मेला’ असं म्हणतात तेही अर्धवटच खरं आहे. ओसाकात तो रस्त्यावरून थिएटरात गेला, तिथे धंदेवाईक झाला, त्याचं बघून सोगानोया गोरो आणि जुरो या दोघा नटांनी १९०४ मध्ये नव्या विनोदी नाटकाची मंडळी काढली आणि जपानच्या आधुनिक कॉमेडीची एक मोठी फांदी तिथून फुटली. आज ओसाकाचं योशिमोतो हे विनोदाचं साम्राज्य आहे, त्याच्या नाटकांमध्ये जो आरडाओरडा आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांनी धपकन पडणं असतं, त्यात जुन्या निवाकाची हाडं अजून दिसतात. म्हणजे नातवंडं कोट्यधीश आहेत आणि आजोबा गावी एकटे. अशा वेळी नातवंडांनी आजोबांना पैसे पाठवावेत असं माझं सरळ मत आहे, पण स्टेजवर बोलावून हारतुरे घालू नयेत. मोठ्या शहरातल्या एसी हॉलमध्ये ‘दुर्मिळ लोककला महोत्सव’ म्हणून निवाका करून दाखवणं म्हणजे महापौराशिवाय महापौराची टिंगल करणं. कोणाला घाम नाही, कोणाला भीती नाही, प्रेक्षक हातात माहितीपत्रक धरून बसलेले.

हाकाताचं उदाहरण मला जास्त खुपतं. तिथला निवाका म्हणजे डोळे खाली ओघळलेला अर्धा मुखवटा आणि एका वाक्यात संपणाऱ्या कोट्या. तिकडे निवाका हा शब्द गंमत म्हणून दोन, शून्य आणि बेरीज या तीन अक्षरांनीही लिहितात, म्हणजे नावातच कोटी. तो अर्धा मुखवटा फुकुओकात सगळीकडे दिसतो, १९०६ पासून त्या मुखवट्याच्या आकाराची बिस्किटं मिळतात, स्टेशनवर, एअरपोर्टवर, लोक ऑफिसात वाटायला घेऊन जातात, चवीला चांगली आहेत. मे महिन्यातल्या दोंताकू उत्सवाला वीस लाखांच्या आसपास लोक येतात असं दरवर्षी छापून येतं. त्यातल्या कितींनी एक अख्खा निवाका ऐकलाय? बिस्किट टिकलं, चेहरा टिकला, तोंडातलं वाक्य मात्र बारीक होत गेलं. पर्यटन खातं याला यश म्हणेल.

उलट ताकामोरी. सहा हजारांच्या आसपास वस्ती, २०१६ च्या भूकंपात तिथे जाणारी मिनामी-आसो रेल्वे मोडून पडली आणि पूर्ण लाइन सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडला. गावात मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, शिकवणारा कोर्स हायस्कूलमध्येच सुरू झालाय, स्टेशनसमोर ‘वन पीस’ या मांगातल्या फ्रँकीचा पुतळा आहे, आपल्याकडची पोरं फोटोसाठी जातील असं ठिकाण. आणि ऑगस्टमध्ये, वारा शांत राहावा म्हणून जो फूचिन उत्सव करतात, त्यात पेठापेठांची तरुण मंडळं फिरत्या स्टेजवर आपापला निवाका करतात. इथे तो टिकलाय कारण मंडळात असणं म्हणजे निवाका करणं आलंच, सुटका नाही. नवीन नोकरीला लागलेलं पोरगं मंडळात आलं की दोन-तीन वर्षांत एकदा तरी साडी, म्हणजे किमोनो, नेसणारच. कोणी कलाकार म्हणून करत नाही, वर्गणी काढल्यासारखं करतात. आपल्याकडे दशावतारात लिखित संवाद नसतानाही नट रात्र काढतो, ते ऐकून ऐकून जिभेवर बसलेलं असतं. इथेही तसंच, स्टेजमागे गाडी ढकलता ढकलता पोरं शिकतात.

म्हणून पैसा द्यायचाच असेल तर कुठे द्यायचा? पोरांच्या सुट्टीला द्या. गंभीरपणे बोलतोय. कारखान्याला, सुपरमार्केटला, हॉस्पिटलला सांगा की तालमीच्या पंधरवड्यात या माणसाला संध्याकाळची शिफ्ट लावू नका, त्याचं नुकसान आम्ही भरून देऊ. जे पोरगं नागोयात किंवा तोक्योत गेलंय त्याला उत्सवाला यायचं तिकीट द्या. कंदिलांची गाडी दुरुस्त करायला अनुदान सहज मिळतं, कारण गाडीचा फोटो काढता येतो. पोराच्या मोकळ्या संध्याकाळीचा फोटो कसा काढणार?

आणि माणसं कमी पडत असतील तर दार उघडा. मिनोला जाताना मी मिनो-ओता स्टेशनला गाडी बदलली, ते मिनोकामो शहरात येतं, प्लॅटफॉर्मवर अर्धी बोलणी पोर्तुगीज आणि तागालोगमध्ये, कारण त्या पट्ट्यातल्या फॅक्टऱ्यांमध्ये ब्राझीलचे, फिलिपिन्सचे लोक वर्षानुवर्षं आहेत. त्यांची पोरं तिथल्याच शाळेत शिकून तीच बोली बोलतात. ती पोरं, बायका, गावात नवीन आलेले, या सगळ्यांना घ्या की. ‘बोली बिघडेल’ ही भीती ऐकू येते. पण बोली लोक बोलायचे थांबले की मरते, वेगळ्या तोंडून आली म्हणून नाही मरत. उलट ब्राझिलियन सून आणि मिनोची सासू यांच्यात कोटी कुठे कुठे पडू शकते याचा विचार करूनच मला हसू येतंय.

जपानीत ‘निवाका फॅन’ हा टोमणा आहे, म्हणजे कालपर्यंत काही माहीत नसलेला, आज अचानक टी-शर्ट घालून ओरडणारा. २०१९ च्या रग्बी वर्ल्ड कपच्या वेळी हा शब्द जिकडेतिकडे होता आणि गंमत म्हणजे तेव्हा टोमण्याची धार गेली, लोक स्वतःला हौसेने निवाका म्हणवून घ्यायला लागले. निवाका बघायला निवाका फॅन यावेत यापेक्षा बरं काय. फक्त त्यांच्यासाठी नाटक सोपं करू नका, सबटायटल लावू नका, कोटी समजावून सांगू नका. फार तर एका चिठ्ठीवर विषय लिहा, ‘तांदूळ’, बास. बाकी शेजारची आजी बघून घेईल.

त्या रात्री शेवटच्या चौकात प्रयोग संपल्यावर मी धीर करून ‘बायको’ला विचारलं की संवाद लिहिलेले आहेत का, मला नीट वाचायचेत. त्याने किमोनोच्या पट्ट्यातून घामाने ओला झालेला चौपदरी कागद काढला, पेन्सिलने खाडाखोड केलेला, आणि सरळ माझ्या हातात दिला. परत कधी देऊ विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्या दृष्टीने ते संपलं होतं.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. म्हणजे लोणचं मीही घातलंच. मिनोचा उत्सव एप्रिलच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी असतो, शनिवारी दिवसा गुलाबी कागदी फुलांच्या पालख्या नाचवतात त्याही बघण्यासारख्या आहेत. नागारागावा रेल्वेची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मात्र आधी बघून ठेवा, मी बघितलं नव्हतं.